पडद्याची दोरी

हिरडीटोल्यात येऊन "बिसराम कोण?" असं विचारणारा माणूस परगावचाच असायचा, आणि तोही पहिल्यांदाच आलेला. दिवाळी सरली, लवकर पिकणारा हलका धान खळ्यावर आला की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, पोरींची लग्नं जुळतात, आणि गावच्या मैदानात नाच-गाण्याची, सोंगांची दंडार उभी राहते. हिरडीटोल्याची दंडार म्हणजे बिसरामची दंडार. त्याच्याआधी ती त्याच्या बापाची होती. ढोलकी तीच, फक्त बिसरामने तिला नवी वादी घातली होती.

या दंडारीत कुणाचं काही नेमलेलं नसे. टिपऱ्या घेऊन गडी रिंगण धरत, बिसराम थाप मारी, आणि ज्याच्या छातीत त्या दिवशी जोर असेल तो पुढे होऊन राजा होई. तो दमला की मागे सरे, दुसरा राजा होई. एका बसणीत तीन-तीन राजे झाले तरी पाहणाऱ्यांची काही तक्रार नसे. पुढचा गायचा आणि त्याच्या ओळीचं शेपूट मागचे सगळे मिळून उचलायचे. त्याला झील धरणं म्हणतात. पुढच्याला पुढची ओळ आठवली नाही तर आठवेपर्यंत झील लांबवायची. त्यामुळे बोलता बोलता अडला आणि फजीत झाला असा माणूस हिरडीटोल्याच्या दंडारीने कधी पाहिला नव्हता.

पण गेल्या मंडईला गोष्ट बिघडली. शेजारच्या बेलपारने आदल्या दिवशी आपल्या मंडईत नाटक उभं केलं. पडदा, मुकुट, तोंडाला रंग, सगळा थाट. दुसऱ्या दिवशी तेच पाहुणे हिरडीटोल्याला आले आणि दंडारीसमोर बसून जांभया देऊ लागले. मालगुजार केशोरावांचे नवे जावई गोंदियाचे. दंडार रंगात आलेली, बिसराम घामाने न्हालेला, आणि जावईबापूंनी मोठ्याने विचारलं, "मामाजी, परदा कब उठेगा?" सगळं मैदान हसलं. केशोरावांचं नाक गेलं, आणि मालगुजाराचं नाक गेलं म्हणजे गावाचं गेलं, असा तेव्हाचा हिशोब होता.

त्या वर्षी शाळेवर शालीकराम गुरुजी नवे आले होते. आमगावचे, विशीतले, नागपुरात शिकताना नाटकं पाहून वेडे झालेले. केशोरावांनी त्यांना बोलावून सांगितलं की पुढच्या मंडईला नाटक पाहिजे, बाकी तुम्ही बघा. गुरुजींना एवढंच हवं होतं. त्यांनी राज्य गमावलेल्या एका राजाचं नाटक स्वतःच रचलं आणि पोळा झाल्यावर मारुतीच्या पारावर दंडारीच्या सगळ्या गड्यांना जमवलं. आजपासून दंडार बंद, आता आपली नाटक मंडळी, असं सांगून त्यांनी नियम वाचून दाखवले. ज्याचं सोंग त्यानेच बोलायचं. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. तालमीला उशीर चालणार नाही, आणि तंबाखू तर नाहीच नाही.

मग सोंगं वाटली. भोजराज आवाजाचा पहाडी आणि अंगाने भरलेला, तो राजा झाला. सुखराम राणी झाला. प्रधान, सेनापती, रखवालदार, सगळे झाले आणि निम्मे गडी उरले. गुरुजी हात जोडून त्यांना म्हणाले की तुम्ही समोर बसून आनंद घ्या. त्यांत बकाराम होता, ज्याने बिसरामच्या बापाच्या काळापासून झील धरली होती. बकारामने आजवर दंडार समोरून कधी पाहिलीच नव्हती.

राहिला बिसराम. नाटकात ढोलकी बसत नाही, पेटी बसते, हे गुरुजींनी जरा चाचरतच सांगितलं. वाचता येत नसल्याने मोठं सोंगही देता येईना. गुरुजींनी फार विचार करून त्याला पडद्याची दोरी दिली. पडदा मोठा होणार, खालच्या कडेला अख्खा बांबू असणार, त्याला धीराचा आणि भरवशाचाच माणूस पाहिजे, असं ते म्हणाले. मनापासून म्हणाले, यात शंका नाही. पण ज्याने अख्खी दंडार हातावर नाचवली त्याला दोरी धरायला लावताना आपण मान देतोय असं वाटायला माणूस नुसता शिकलेला असून भागत नाही, वयानेही कोवळा असावा लागतो.

बिसराम उठला. घरी गेला, ढोलकी खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

पुढचे दिवस मोठे गमतीचे गेले, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला. उरलेले निम्मे गडी रुसले, तसे त्यांचे भाऊ रुसले, सोयरे रुसले. मांडवासाठी बांबू तोडायला कुणी जाईना. राणीच्या लुगड्यासाठी कुणाची बायको कपड्यांची पेटी उघडेना. भोजराजच्या सख्ख्या चुलत्याने त्याच्याशी बोलणं सोडलं. गुरुजींना वाटत होतं आपण फक्त दंडारीचं नाटक केलं. गावात काय काय कशाला बांधलेलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी बकाराम उरलेल्या गड्यांना घेऊन बिसरामच्या आंगणात आला. बेत पक्का करूनच आला होता. मंडईच्या दिवशी मैदानाच्या एका टोकाला त्यांचं नाटक, दुसऱ्या टोकाला आपली दंडार. ढोलकी घुमली की माणसं कुठे जातात ते पाहू. बिसरामने नुसती मान हलवली तरी पुरे होतं.

बिसरामच्या हातांना तेव्हा खरोखर खाज सुटली होती. ढोलकीच्या एका थापेत तो पडदा, तो मुकुट आणि तो कोवळा मास्तर, सगळं उडून जाईल, असं त्याला वाटलं आणि बरंही वाटलं. त्याने उद्या सांगतो म्हणून त्यांना वाटे लावलं. त्याची बायको रुख्मा ओसरीवर धान पाखडत होती. ते गेल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"काऊन जी, येका गावात दोन मंडई भरवता का?" ती म्हणाली. "ढोलकी तुमच्या बापाची होय. दंडार गावाची होय. तुमी रुसले त रुसा, पर गाव कायले फोडता?"

"मले दोरी देल्ली त्यानं, रुख्मे."

"मंग धरा ना. हात झिजतेत का?"

रुख्माचं बोलणं असं सरळ असायचं. बिसराम रात्रभर तिच्यावर चिडला आणि सकाळी बकारामच्या घरी जाऊन नाही म्हणून आला. बकारामने त्याला दारातूनच परत पाठवलं. तालमीकडे गेला तर तिथलेही चोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायला लागले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. पडदा अजून शिवलेला नव्हता; त्याने कोपऱ्यात जाऊन नुसत्या बांबूची दोरी हातात घेतली.

तिथे उभं राहून त्याला जे दिसलं ते त्याला अपेक्षित नव्हतं. दंडारीत वाघासारखा गर्जणारा भोजराज तालमीत लटलट कापत होता. त्याला बोलणं पाठ होतं. एकटाच तळ्यावर जाऊन म्हशींना ते सगळं ऐकवून यायचा. पण इथे उभा राहिला, चार वाक्यं बोलला की मागून झील येईल म्हणून थांबायचा, झील यायची नाही, आणि पुढचं सारं डोक्यातून पुसून जायचं. प्रधान आणि सेनापतीलाही ते बघवायचं नाही. सवयीने ते राजाच्या ओळीचं शेपूट उचलायचे, आणि गुरुजी कपाळाला हात लावायचे. राजा रडत असताना सेनापती का रडतो, असं ते विचारायचे. सेनापती म्हणायचा की राजा एकटा रडला तर बरं दिसत नाही.

आणखीही एक गोष्ट बिसरामला दिसली, आणि ती कबूल करायला त्याला बरेच दिवस लागले. एकदा भोजराज न अडखळता सगळं बोलून गेला. एकटा, कुणाच्या आधाराविना. बिसरामने इतकी वर्षं त्याचा आवाज ऐकला होता, पण तो घोळक्यातला. भोजराज दुःखात कसा दिसतो हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दोरी हातात तशीच राहिली, बांबू खाली सोडायचा राहून गेला, आणि गुरुजींना दोनदा हाक मारावी लागली. हे दंडारीत नाही, असं त्याच्या मनात आलं. त्याला ते आवडलं याचा त्याला रागही आला.

मंडई तोंडावर आली तेव्हा गुरुजी स्वतः बिसरामच्या घरी आले. चेहरा उतरलेला होता. मला पुस्तक येतं, ही माणसं येत नाहीत, असं ते खाली बघत म्हणाले. भोजराज का घाबरतो, हे त्यांनी विचारलं.

"गुरुजी, दंडारीत मानूस येकटा कदीच नोहता," बिसराम म्हणाला. "अडला का मांगचे उचलत. तुमी त मांगचेच काढून टाकले."

"पण नाटकात एकट्यानेच बोलावं लागतं, बिसरामजी."

"मालूम हाय. चांगलंही दिसते. पर सवय पडाले वकत लागते ना बाप्पा."

 गुरुजींनी रुख्माने दिलेलं गूळ-पाणी घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाले की बकारामकडे आपण दोघं जाऊ. दोघं गेले. गुरुजींनी स्वतः हात जोडले आणि पहिल्या रांगेत सगळ्या जुन्या गड्यांसाठी चटया टाकतो म्हणून सांगितलं. बकाराम येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू आले, आणि गावातल्या बायांनी जुनी लुगडी जोडून पडदा शिवला. लाल, हिरवी, जांभळी, ज्याच्या घरचं जे निघालं ते. रुख्माचं लग्नातलं लुगडं अगदी मधोमध होतं.

मंडई उन्हातच उरकावी लागे. पाहुण्यांना वाटेतलं बोदलकशाकडचं जंगल अंधाराआधी ओलांडायचं असे, आणि तिथल्या वाघाला नाटकाचं काही कौतुक नव्हतं. म्हणून दुपार कलताच पेटी वाजली. मैदान गच्च भरलं होतं. केशोराव पागोटं बांधून, शेजारी गोंदियाचे जावई. बेलपारची माणसं मुद्दाम एका बाजूला जमून बसलेली, हसायची तयारी करून. पहिल्या रांगेत बकाराम आणि जुने गडी. आले होते, पण हाताची घडी घालून.

बिसरामने दोरी ओढली. बायांच्या लुगड्यांचा तो पडदा सळसळत वर गेला आणि एवढं मोठं मैदान एकदम चिडीचूप झालं. दंडारीत असली शांतता कधी मिळाली नव्हती. बिसरामच्या अंगावर काटा आला. आपल्या एका हाताने एवढी माणसं गप्प केली, असं त्याला वाटलं, आणि दोरीवरचा त्याचा राग त्या घटकेला निघून गेला.

पहिला भाग बरा गेला. सुखरामची राणी बायांनाही आवडली. मग राज्य गमावलेला राजा एकटा रानात येतो तो प्रवेश आला. भोजराज मधोमध उभा राहिला. छान बोलला, चढत गेला, आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "आता मला ओळखणारं कोण आहे?"

आणि थांबला. सवयीने थांबला. मागून काही आलं नाही, आणि पुढचं पुसून गेलं.

बाजूच्या बांबूच्या तट्ट्याआडून गुरुजींनी पुढची ओळ सांगितली. उघड्या मैदानात, एवढ्या माणसांत, ती भोजराजपर्यंत पोचेना. त्यांनी पुन्हा सांगितली. बेलपारच्या बाजूने कुणीतरी खाकरलं, मग कुणी हसलं, मग शिटी वाजली. जावईबापू जागेवर चुळबुळले. केशोरावांनी डोळे मिटून घेतले. भोजराज हात पसरून तसाच उभा, ओठ हलताहेत, कपाळावरून रंग ओघळतोय.

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बिसरामकडे पाहून हाताने खूण केली: सोडा, पडदा सोडा.

सगळं आता बिसरामच्या मुठीत होतं. मूठ उघडली की पडदा पडणार, नाटक संपणार, आणि ढोलकी काही लांब नव्हती. घर मैदानाला लागूनच होतं. बकाराम पहिल्या रांगेतून थेट त्याच्याकडे बघत होता. बिसरामलाही ते कळत होतं. पण त्याच्या समोर त्याचा गडी उभा होता, हात पसरून, एकटा.

बिसरामने दोरीला मनगटाभोवती वेढा दिला, म्हणजे चुकूनही सुटायला नको, आणि मंडळीचा नियम मोडला. दंडारीच्या चालीत, छाती भरून, त्याने राजाच्या ओळीचं शेपूट उचललं.

"कोन आहे राजा, कोन आहे?"

पहिल्या रांगेतल्या हाताच्या घड्या कधी सुटल्या ते कुणालाच कळलं नाही. बकारामच्या तोंडून झील आपोआप बाहेर पडली. शेजारच्याने धरली, त्याच्या शेजारच्याने धरली. तट्ट्याआडून प्रधान, सेनापती, राणीसुद्धा. "कोन आहे राजा, कोन आहे?" मैदान दणाणलं. शिट्या त्यात कुठल्या कुठे बुडाल्या. आणि मग आजवर कुठल्या दंडारीत न म्हटलेली ओळ बिसरामच्या तोंडी आली.

"आमी आहो राजा, आमी आहो!"

सगळ्यांनी ती धरली. भोजराजची छाती वर आली, डोळ्यांतून पाणी आलं, ते नाटकातलं होतं की खरं हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. त्याने एक हात वर केला. झील थांबली. आणि त्या शांततेत तो पुढचं सगळं बोलला, एकटा, शेवटच्या शब्दापर्यंत, कुठेही न अडता. बाया पदराने डोळे पुसत होत्या. बेलपारची माणसं पुढे सरकून बसली होती, नीट ऐकू यावं म्हणून.

प्रवेश संपला तसे गुरुजी तट्ट्याआडून बाहेर आले. आता काय म्हणतात म्हणून बिसरामने मान खाली घातली.  पण गुरुजी थेट पहिल्या रांगेपाशी गेले, बकारामचा हात धरून त्याला उठवलं, आणि सगळ्या जुन्या गड्यांना मांडवाच्या कडेला ओळीने बसवलं. राजा एकटा बोलेल, पण मी बोट वर केलं की झील तुमची, असं सांगितलं. त्यानंतर नाटक असं चढत गेलं की पाहुणे सूर्याकडे बघायचे विसरले. राजाला राज्य परत मिळालं तेव्हा टाळ्यांनी तळ्यावरचे बगळे उठले. जावईबापूंनी सासऱ्याच्या मांडीवर थाप मारून "वाह मामाजी" म्हटलं, आणि केशोरावांनी ते नाटक जणू आपणच रचलं असल्यासारखा मिशीवरून हात फिरवला. बेलपारचा पाटील भर मैदानात उभा राहून म्हणाला की पुढच्या मंडईला ही मंडळी आमच्याकडे पाहिजे, झिलीसकट.

पडदा पडला तरी माणसं उठेनात. पुन्हा उचला, पुन्हा उचला, असा एकच गलका झाला. बिसराम दोरी ओढायला वळला तर दोरीवर दुसरा हात होता. गुरुजींचा.

"द्या इकडे," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पुढे जा."

"मी? माहं काय काम तेथं?"

"मंडळीचा नियम आहे. ज्याची ओळ त्यानेच बोलायची. जा बिसरामजी."

बिसराम पडद्यामागे मधोमध जाऊन उभा राहिला. गुरुजींनी दोरी ओढली. बांबू जड होता, त्यांच्या कोवळ्या हातांना तो पेलवेना, पडदा अडखळत, हिसके खात वर गेला. रुख्माचं लुगडं डोळ्यांसमोरून वर सरकलं आणि समोर माणसंच माणसं दिसली. सगळी त्याच्याकडे बघत होती.

हाताशी ढोलकी नव्हती. भोवती रिंगण नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बिसराम असा एकटा उभा होता. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण शब्द येईना. भोजराज इतके दिवस काय सोसत होता ते त्याला तेव्हा कळलं. बायांच्या घोळक्यात रुख्मा उभी होती. ती हसत होती आणि रडतही होती.

तेवढ्यात मागून भोजराजचा पहाडी आवाज आला, आणि त्याच्यामागे बकारामचा, आणि मग सगळ्यांचा, दोरी धरलेल्या गुरुजींचासुद्धा.

"आमी आहो राजा, आमी आहो!"

बिसरामने मान वर केली आणि पुढची ओळ धरली.